कानाच्या कडेचा रंग

जळगावच्या त्या प्रसूतिगृहात दोन कमल होत्या. दोघीही आया, दोघीही एकाच वर्षी कामाला लागलेल्या. कोणी हाक मारली की दोघी एकदम ओ द्यायच्या, नाहीतर दोघींपैकी कोणीच द्यायची नाही. म्हणून पहिल्याच महिन्यात कोणीतरी सोय करून टाकली. एक गोरी कमल, एक काळी कमल. पाळ्या लिहायच्या पांढऱ्या फळ्यावर 'कमल गो.' आणि 'कमल का.' असं यायला लागलं, ते बावीस वर्षं तसंच राहिलं.

काळी कमल म्हणजे कमलबाई फिरके. माहेर भालोदचं, सासर नशिराबादचं. नवरा वारला तेव्हा ती तिशीची होती, पदरात एक मुलगा होता, आणि शेतावर जायचं की शहरात, एवढाच प्रश्न होता. ती नशिराबादहून रोज शहरात कामाला यायला लागली. कामाला वाघ. बाळंतिणीला उठवून बसवण्यात, पहिलं दूध पाजायला शिकवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण तिचं नाव झालं ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

जन्मलेलं बाळ लालबुंद असतं. ते पुढे कोणत्या रंगाचं होणार हे घरच्यांना कळत नाही, आणि कळल्याशिवाय त्यांना राहवतही नाही. कमलबाईला ते कळायचं. ती बाळाच्या कानाची वरची कड बघायची, मग नखांच्या मुळाशी बघायची. एका म्हाताऱ्या आयेकडून ती हे शिकली होती आणि चुकायची नाही. वर्षभराने लोक येऊन सांगायचे, मावशी, तुम्ही म्हणालात तस्संच झालं. सोबत पेढे आणायचे. वजन डॉक्टरांना विचारायचे आणि रंग कमलबाईला.

मुलगा की मुलगी हे कळलं की दुसरा प्रश्न तोच. धुळ्याकडच्या बायका विचारायच्या, "गोरी शे का काळी?" रावेर-यावलकडच्या जरा आडून विचारायच्या, कोणावर गेली म्हणून. प्रश्न एकच. कमलबाईकडे उत्तरं ठरलेली होती. गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी. आणि सावळीच्याही पुढचं असलं तर ती म्हणायची, नाकीडोळी छान आहे. ऐकणारीला बरोबर कळायचं. चेहरा पडायचा. बाळासाठी 'काळी' हा शब्द कमलबाईने कधी तोंडातून काढला नाही. तो फक्त फळ्यावर होता, तिच्या नावापुढे.

याचं तिला काही वाटायचं का, असं कोणी विचारलं नाही. ती स्वतःही स्वतःला विचारत नव्हती. हाक आली की ती जायची.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत चारुलता नावाची मुलगी बाळंत झाली. रावेर तालुक्यातलं केळीवालं घर, मुलगी शिकलेली, लग्नाआधी शाळेत शिकवणारी. दुपारी अडीचला तिला मुलगी झाली. कमलबाईने बाळ गुंडाळून बाहेर आणलं. बाहेर सासू उभी होती, लताबाई. तिने दुपटं बाजूला केलं, बाळाकडे पाहिलं आणि मग कमलबाईकडे.

"नाकीडोळी लय छान हाये, अक्का," कमलबाई म्हणाली.

"म्हंजे काळी," लताबाई म्हणाली, आणि दुपटं परत झाकलं.

अशी झाकलेली दुपटी कमलबाईने शेकड्याने पाहिली होती. ती आत गेली, हात धुतले, पुढच्या बाईकडे वळली.

तेराव्या दिवशी बाळ परत आलं. चारुलता आणि तिचा नवरा भूपेंद्र घेऊन आले होते. पोर तापलेली होती आणि रडायचाही जोर उरला नव्हता. लहान मुलांच्या डॉक्टरांनी कपडे काढायला सांगितले तेव्हा कमलबाई शेजारीच उभी होती. पाठीवरची, मांड्यांवरची कातडी सोलल्यासारखी झाली होती. खांद्यावर एका जागी पू धरला होता. लताबाईने पाचव्या दिवसापासून रोज दोन वेळा कणकेच्या गोळ्याने आणि डाळीच्या पिठाने नातीला घासलं होतं. वर दुकानातून आणलेलं कसलंसं मलम. आत्ताच घासलं तर उजळते, पुढे रंग बसून जातो, असं तिचं म्हणणं होतं. तिच्या मनात पोरीचं वाईट नव्हतं. वऱ्हांड्यात बसून ती खरंच रडत होती.

पोर सहा दिवस राहिली आणि वाचली. त्या सहा दिवसांत कमलबाई तिच्या खोलीत विनाकारण दहादा जायची. चादर बदलायची, ती आधीच बदललेली असायची. पाचव्या दिवशी चारुलता तिच्याशी बोलली. रागाने नाही, हळूच.

"मावशी, तुम्ही सांगितलं नसतं तर त्यांना इतक्यात कळलं नसतं. चार-सहा महिने तरी मिळाले असते तिला."

संध्याकाळी ती रिक्षाच्या थांब्यावर गेली, नशिराबादची रिक्षा भरत आली होती, तिच्यापुरती जागा होती. ती बसली नाही. हायवेच्या कडेने चालत निघाली. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते. अर्ध्या वाटेवर पाय दुखायला लागले तेव्हा तिने हात दाखवून दुसरी रिक्षा थांबवली.

त्यानंतर तिला एका जागी बसवेनासं झालं. जेवायचा डबा उघडून ती उभ्यानेच खायची. गोरी कमल म्हणाली, तुझं काय बिनसलंय, बीपी तपासून घे. तिने तपासलं, बीपी चांगलं होतं. घरी आरशासमोर केस विंचरताना तिला स्वतःची कोपरं दिसायची. तिच्या आईनेही तिला घासलं होतं, बेसन-सायीने, लग्न ठरेपर्यंत. कोपरांना रक्त यायचं. हे तिला कधी आठवत नव्हतं असं नाही, पण आता ते दिवसातून चारदा आठवायला लागलं.

मग तिने आपल्या परीने उपाय काढला. ती खोटं बोलायला लागली.

कान कसाही असो, विचारलं की सांगायचं, गोरी होईल. सोपं होतं. चेहरे फुलायचे. आजी बाळाला पटकन उचलून घ्यायची, बाळंतिणीच्या अंगावरचं ओझं गेल्यासारखं व्हायचं. चार-सहा महिने तरी मिळतील, असं कमलबाई स्वतःशी म्हणायची. तोवर घरच्यांना लळा लागेल, मग कोण रंग बघतंय. मार्च गेला, एप्रिल गेला. तिला वाटलं आता झोप लागेल. झोप थोडी लागायलाही लागली.

एप्रिलच्या शेवटी दोंडाईच्याचं एक व्यापारी घर आलं होतं. मूळचे राजस्थानातले, तीन पिढ्या दोंडाईच्यात कापडाचं दुकान. सून रूपल, माहेर पारोळ्याचं. ती केतकीसारखी गोरी, नवरा अखिल गोरा, सासू सज्जनबाई गोरी. मुलगी झाली आणि तिच्या कानाची कड जांभळट काळी होती. कमलबाईने बघितलं. नखांच्या मुळाशीही बघितलं. बाहेर सज्जनबाईंनी विचारल्यावर ती म्हणाली, "आईपेक्षाही गोरी होईल, काकू. लिहून ठेवा."

लिहून ठेवा, हे तिने कशाला म्हटलं, याचा तिला पुढे फार त्रास झाला.

दिवाळीनंतर सज्जनबाई आणि अखिल प्रसूतिगृहात आले. पोर सहा महिन्यांची झाली होती आणि चांगली सावळी निघाली होती. सज्जनबाई आवाज न चढवता बोलत होत्या. तुमची आया म्हणाली होती गोरी होईल, ती कधी चुकत नाही असं सगळे सांगतात. मग आमची मुलगी बदलली तर गेली नाही ना, एवढं बघून द्या.

प्रसूतिगृह डॉक्टर हेमांगींचं होतं. त्यांनी शांतपणे त्या दिवसाचं रजिस्टर काढलं. त्या तारखेला तीन बाळंतपणं झाली होती, दोन मुलगे आणि एकच मुलगी. बदलायला दुसरी मुलगीच नव्हती. पायाच्या ठशाचा कागदही दाखवला. मॅडमना वाटलं, विषय संपला.

सज्जनबाईंनी कागद नीट पाहिला, परत केला. "म्हणजे बदललेली नाही," त्या म्हणाल्या. एवढं बोलून त्या उठल्या. अखिल आईच्या मागे गेला. कमलबाई दारातच उभी होती. सज्जनबाईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते मॅडमना दिसलं नाही, तिला दिसलं. बाळ बदललेलं नसेल, तर मग दुसरा संशय एकच उरत होता.

आठ दिवसांनी प्रसूतिगृहात फोन आला. रूपलचा होता. तिने काउंटरवर काळी कमल मावशींना द्या म्हणून सांगितलं, तिला दुसरं नाव माहीतच नव्हतं. ती पारोळ्याहून बोलत होती, माहेरून. तिने थोडक्यात सांगितलं. घरात तिच्याशी कोणी भांडलं नव्हतं. फक्त सासूने एक दिवस विचारलं, हिचा रंग कुठून आला. मग अखिल म्हणाला, डीएनए तपासणी करून टाकू, आईचं समाधान होईल. रूपलने सांगितलं, तपासणी करणार नाही. माझ्यावर विश्वास नसेल तर कागदावर कसा बसेल. आणि ती मुलीला घेऊन निघून आली.

"मावशी, मला फक्त एक सांगा," ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्हाला खरंच गोरी दिसली होती का?"

शेजारी कोणाची तरी बिलाची घाई चालली होती. "नाही," कमलबाई म्हणाली. "तेव्हाच दिसलं होतं. मी खोटं बोलले."

मग रूपल म्हणाली, हे मला सांगून काय उपयोग, आणि फोन ठेवला.

पुढचे चार दिवस कमलबाईने कसे काढले ते गोरी कमलने पाहिलं. एकच स्टीलचा ट्रे ती तीनदा धुवायची. बोलता बोलता वाक्य अर्धं टाकून उठायची. खरं सांगितलं तर पोर सोलली गेली. खोटं सांगितलं तर एका बाईची अब्रू गेली. मग सांगायचं तरी काय, असं ती गोरी कमलला विचारायची, आणि उत्तर यायच्या आत दुसऱ्या खोलीत निघून जायची. गोरी कमल म्हणाली, तू काय मुद्दाम केलंस, लोकच तसे आहेत. त्याने तिचं काही भागलं नाही.

पाचव्या दिवशी तिने सुट्टी टाकली आणि सकाळी दोंडाईच्याची गाडी पकडली. बसायला जागा मिळाली तरी ती दाराजवळ उभी राहिली. अमळनेर गेलं, नरडाणा गेलं. नरडाण्याला वाटलं उतरावं आणि समोरून येणाऱ्या गाडीने परत जावं. ती उतरलीसुद्धा. फलाटावर चहा घेतला, गाडीने शिटी दिली तशी परत चढली.

दोंडाईच्याला स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने विचारलं, "अक्का, कोठे जानं शे?" तिने दुकानाचं नाव सांगितलं. गावात सगळ्यांना माहीत होतं.

दुकानाच्या वरच घर होतं. सज्जनबाईंनी दार उघडलं, तिला ओळखलं, आणि आत घेतलं. पाणी दिलं. पाहुण्याला द्यावं तसं नीट, तांब्याखाली ताटली ठेवून. कमलबाई सोफ्याच्या अगदी कडेला बसली.

ती म्हणाली, मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. मुलगी जन्मली तेव्हाच तिच्या कानाची कड काळी होती. टेबलावरून मीच तिला उचललं, मीच पुसलं, मीच तुमच्या हातात दिलं. मधे कोणी नव्हतं. हा रंग सहा महिन्यांत कुठून आलेला नाही, तो पहिल्या मिनिटालाच होता. आई-बाप गोरे असून पोर सावळी निघालेली मी बावीस वर्षांत कितीतरी वेळा पाहिलीय. आजीचा, पणजोबाचा, कोणाचाही रंग येतो.

सज्जनबाई ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "मग तेव्हा खोटं कशाला बोललात?"

"तुम्ही विचारलं म्हणून," कमलबाई म्हणाली.

सज्जनबाईंना ते लागलं. त्या उठून खिडकीपाशी गेल्या. खाली दुकानात माल उतरत होता, हमालांचा आवाज येत होता. तिथूनच त्या म्हणाल्या, आजी विचारणारच, त्यात काय चुकलं. सगळेच विचारतात. आवाजात जोर नव्हता.

कमलबाईने रावेरच्या पोरीची गोष्ट सांगितली. नाव नाही सांगितलं, पाठ कशी झाली होती एवढं सांगितलं. स्वतःच्या कोपरांचंही सांगितलं, जे तिने याआधी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगता सांगता ती उभी राहिली होती, हे तिच्या लक्षात आलं नाही. "मी पण काळीच आहे, काकू. मला हाकच तशी मारतात. आणि मीच बावीस वर्षं दारात उभी राहून पोरींना वाटून टाकलं, ही अशी, ती तशी. तुमच्या सुनेचं काही चुकलेलं नाही. चुकलं असेल तर माझं आणि तुमचं."

सज्जनबाईंनी अखिलला वर बोलावून घेतलं. कमलबाईने त्याला सगळं पुन्हा सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत होता. त्याने एकदाच विचारलं, रूपलने तुम्हाला पाठवलं का. ती नाही म्हणाली. त्याचे डोळे भरून आले. तो म्हणाला, मला संशय नव्हता, मावशी. आईने विचारलं तेव्हा मी गप्प बसलो, आणि मग तपासणीचं बोललो, कटकट मिटावी म्हणून.

"तेच तिला लागलं असेल," कमलबाई म्हणाली.

तिला स्टेशनवर सोडायला अखिल मोटारसायकलवर आला.

अखिल दुसऱ्या दिवशी पारोळ्याला गेला. रूपल लगेच आली नाही. तीन आठवडे तिने त्याला येऊ दिलं, मुलीला खेळवू दिलं, परत पाठवलं. चौथ्या आठवड्यात सज्जनबाई स्वतः गेल्या. काय बोलणं झालं ते बाहेर कोणाला कळलं नाही. रूपल दोंडाईच्याला परतली, पण घरात मुलीच्या रंगाबद्दल चांगलंही बोलायचं नाही, वाईटही नाही, असं तिने आधी कबूल करून घेतलं. पाहुणे आले तरी. सज्जनबाईंना ते जड जातं. मधेच शब्द ओठांवर येतो आणि त्या स्वयंपाकघरात जातात.

इकडे सज्जनबाईंनी डॉक्टर हेमांगींना फोन करून सगळं कळवलं होतं. तक्रार नव्हे, कळवलं. मॅडमनी कमलबाईला केबिनमध्ये बोलावलं. त्या चिडल्या होत्या. आपल्याला न विचारता पेशंटच्या घरी जाणं त्यांना अजिबात आवडलं नव्हतं, आणि दारात उभं राहून रंग सांगायचा हा प्रकार इतकी वर्षं चालला आणि आपण हसण्यावारी नेला, याचाही राग असावा. त्या म्हणाल्या, आजपासून कोणीही रंग सांगायचा नाही. वजन, वेळ, बाळ-बाळंतीण ठीक आहेत, बस्स.

कमलबाई हो म्हणाली, पण गेली नाही.

"अजून काय?" मॅडमनी विचारलं.

"मला काळी कमल म्हणायचं नाही. फळ्यावर पण लिहायचं नाही."

मॅडमनी स्वतः ते हजारदा म्हटलं होतं, आत्ता बोलावतानाही शिपायाला तेच सांगितलं होतं. "तू कधी बोलली नाहीस," त्या म्हणाल्या.

"आत्ता बोलतेय."

फळ्यावर 'कमल फिरके' आणि 'कमल सोनार' असं आलं. गोरी कमलला सुरुवातीला ते विचित्र वाटलं. ती म्हणाली, माझ्या नावात काय वाईट होतं. मग दोन दिवसांनी म्हणाली, खरं तर मलाही लोक फक्त गोरीच म्हणायचे, कमल कोणी म्हणतच नव्हतं. कामावरच्या मुली अजून चुकतात. चुकल्या की कमलबाई ओ देत नाही. तीनदा हाक मारली तरी देत नाही. यावरून तिचं दोन-चार जणींशी वाजलं आहे. म्हातारपणी हिला काय झालं, असं त्या आपसात म्हणतात.

बाहेर दारात अडचण वेगळीच आहे. लोक विचारतातच. कमलबाई सांगते, दोन किलो आठशे, जन्मताच खणखणीत रडली, तोंडाला लावताच दूध ओढलं. आज्या थांबून राहतात, पुढचं ऐकायला. ती पुढचं सांगत नाही. काहीजणी रागावतात, जुनी आया राहिली नाही का म्हणून काउंटरवर विचारतात. एक भडगावची आजी तर स्वतःच कान बघायला लागली. कमलबाईने दुपटं ओढून घेतलं आणि बाळ आत नेलं. त्यावरून मॅडमकडे पुन्हा जावं लागलं. पेढे आता तिला कोणी आणून देत नाही.

आणि तिची नजर अजून कानाकडे जातेच. बाळ पुसताना, गुंडाळताना, न बघायचं ठरवूनही. दिसतं, कळतं, आणि ते पोटात ठेवून ती दारापर्यंत जाते. त्या दहा पावलांत तिला रोज घाम फुटतो.

या जूनमध्ये तिच्या मुलाचा, नवलचा, फोन आला. तो दीपनगरच्या वीजकेंद्रात कंत्राटी कामावर आहे, बायकोचं बाळंतपण भुसावळला होतं. कमलबाई तेव्हा ड्यूटीवर होती, हातमोजे काढता काढता तिने फोन कानाला लावला. आई, मुलगी झाली, तो म्हणाला.

प्रश्न तिच्या तोंडात आला. पूर्ण आला, शब्दांसकट. ती भिंतीला टेकली. नवल पलीकडून हॅलो, हॅलो करत होता.

"रडली का लगेच?" तिने विचारलं.

रडली, तो म्हणाला, अजून रडतेय. मग फोन बाळाजवळ नेला असावा, कारण तो आवाज आला. कमलबाईने मॅडमना न विचारताच चप्पल घातली आणि भुसावळच्या बसला निघाली. बस लागलेली होती, सुटायला दहा मिनिटं होती. ती आत जाऊन बसली, उठली, पुन्हा खाली उतरली आणि कंडक्टर घंटी मारेपर्यंत बसभोवती चालत राहिली.